यकृताच्या रुग्णाची नोंद कोण ठेवणार? मराठवाड्याच्या आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि या भागातून निवडून गेलेले सर्व लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्याच्या कावीळ ओपीडीत मला सांगण्यात आले, “ताई, जुन्या पेशंटची एएफपी आता इथं होत नाही. गोळ्या चालू आहेत ना? मग झालं. लईच वाटत असंल तर बाहेरून करून आणा.” एएफपी म्हणजे यकृताच्या कर्करोगाचा माग काढणारी रक्ताची तपासणी. माझ्या मागे उभ्या असलेल्यांनाही तेच उत्तर मिळाले. लेखी आदेश मागितला तर तो कुणाकडे नव्हता. किट संपले आहे की वरूनच तसे ठरले आहे, हेही कुणाला सांगता आले नाही. त्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही; नोंदणी, समुपदेशन आणि गोळ्यांचे वाटप असे सगळे तो एकटाच ओढत होता. पण जी तपासणी बंद झाली ती कशासाठी असते आणि ती न झाल्याने काय होते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. म्हणून अर्ज खिडकीत देऊन गप्प न बसता हे सगळ्यांसमोर लिहीत आहे.

मला हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण, आहे. माझ्या थोरल्या भावालाही होता. तो यकृताच्या कर्करोगाने गेला. आमच्या मायलाही आहे, हे त्याच्यानंतर तपासले तेव्हा कळले. म्हणजे आम्हा भावंडांना हा विषाणू बहुधा जन्मतानाच मिळाला. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो. धडधाकट माणसाला मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत राहतो. आम्ही जन्मलो तेव्हा आपल्याकडे बाळांना याची लस मिळत नव्हती. देशभरातल्या नेहमीच्या लसीकरणात ती यायला २०११ साल उजाडले. त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आमच्या पिढीतले कित्येक जण हा विषाणू घेऊन जगत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात हिपॅटायटिस बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी असलेले सुमारे ५५ लाख लोक होते. भोकरदनपासून देगलूरपर्यंत आणि औंढ्यापासून उमरग्यापर्यंत त्यातले किती, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलेले नाही.

हा आजार वर्षानुवर्षे बोलत नाही. पोट दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, माणूस शेतात राबत असतो. आत यकृत सुजते, भरून येते, पुन्हा सुजते, आणि प्रत्येक वेळी थोडा व्रण राहतो. व्रण साचत साचत सिरोसिस होतो. सिरोसिस झालेल्या शंभर जणांपैकी दर वर्षी साधारण एक ते चार जणांना कर्करोग होतो. हिपॅटायटिस बी मध्ये तर सिरोसिसची पायरी गाळूनही कर्करोग होऊ शकतो, कारण हा विषाणू आपला डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. वजन उतरले, पोटात पाणी झाले, डोळे पिवळे पडले, की मग लोक कावीळ उतरवून घ्यायला, माळ घालायला, डाग द्यायला धावतात. तोपर्यंत बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. त्याआधी कळण्याचा मार्ग एकच: दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी.

माझा दादा आणि वहिनी ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे. दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावाकडे. त्या उचलीतून त्याने मला बी.एड. पर्यंत शिकवले, आज मी शाळेत गणित शिकवते ती त्याच्या कष्टावर. शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त दिले तेव्हा त्याचा हिपॅटायटिस बी कळला. तेव्हापासून त्याने दवाखाना टाळला नाही. गोळी चुकवली नाही. जिथे असेल तिथे, डॉक्टर म्हणाले तेव्हा, पदरचे पैसे घालून रक्त तपासले. तो गेल्यावर वहिनीने त्याचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत माझ्याकडे आणून दिले. मी ते तारखेप्रमाणे लावले.

पहिला कागद तालुक्याच्या लॅबचा: एएफपी १४, एसजीपीटी (यकृताची सूज सांगणारा आकडा) ९२. दुसरा कारखान्याकडच्या लॅबचा: एएफपी २१, एसजीपीटी ४९. तिसरा जिल्ह्याच्या गावचा: एएफपी ६१, एसजीपीटी ३४. तिन्ही कागद तीन वेगळ्या डॉक्टरांनी पाहिले, आणि प्रत्येकाने एकच कागद पाहिला. पहिल्याने सांगितले, कावीळ आहे तर एवढे वाढतेच. दुसऱ्याने सांगितले, थोडे जास्त आहे, काळजी करू नका. तिसऱ्याने सोनोग्राफी लिहून दिली. सरकारी यंत्रावर तारीख पुढची मिळाली आणि तोवर टोळी निघाली.

एकेकटा कागद पाहिला तर तिघांचेही बोलणे अगदी चूक म्हणता येत नाही. सुजलेले यकृत नव्या पेशी घडवताना एएफपी वाढवते, हे खरे आहे. पण तिन्ही कागद शेजारी ठेवले तर वेगळेच दिसते. गोळ्यांनी एसजीपीटी ९२ वरून ३४ वर उतरला, म्हणजे सूज ओसरत होती. सूज ओसरताना एएफपीनेही उतरायला हवे होते. तो चढत होता. आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. दुसऱ्या लॅबने आकडा आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये दिला होता, बाकी दोघांनी नॅनोग्रॅममध्ये. एक आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. म्हणजे तो २१ खरा २५ च्या पुढे होता. २० नॅनोग्रॅमच्या वर गेला किंवा ओळीने वाढत गेला तर सीटी किंवा एमआरआय करा, असे या विषयाच्या प्रचलित मार्गदर्शक सूचना सांगतात. दादाने ती रेषा दुसऱ्याच कागदावर ओलांडली होती.

त्याच दुसऱ्या कागदावर आणखी चार आकडे आहेत: वय ४८, एसजीओटी (सुजेचाच दुसरा आकडा) ७०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख १० हजार. एफआयबी-४ नावाचे एक सूत्र आहे, २००६ पासून डॉक्टर ते वापरतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचे प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ यांनी. ४८ गुणिले ७० म्हणजे ३३६०. ४९ चे वर्गमूळ ७, ते गुणिले ११० म्हणजे ७७०. भागाकार ४.३६. उत्तर १.४५ च्या खाली असेल तर यकृतात मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर ती दाट. आठवीच्या मुलीला येईल असे हे गणित आहे. त्याला वेगळे रक्त लागत नाही, किट लागत नाही, एक रुपया लागत नाही. कुणी केले नाही. माझा भाऊ सिरोसिसच्या उंबऱ्यावर उभा आहे, हे त्याच्याच पिशवीतल्या कागदावर लिहिलेले होते.

शेवटी पोटात पाणी झाल्यावर शहरात नेले तेव्हा गाठ ७ सेंटिमीटरची होती आणि यकृताच्या मुख्य शिरेत शिरली होती. यकृत प्रत्यारोपणासाठी १९९६ पासून जगभर जो निकष धरतात तो असा: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येकी ३ पर्यंत, आणि शीर मोकळी हवी. दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ कापून काढता येते, सुई घालून जाळता येते. अशी गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात, म्हणून तर तपासणी सहा महिन्यांनी ठेवली आहे. दादासाठी यातले काहीच उरले नव्हते.

एएफपी ही काही जादूची तपासणी नाही, हे मला माहीत आहे. गर्भातल्या बाळाचे यकृत हे प्रथिन बनवते, जन्मानंतर ते जवळजवळ थांबते, आणि यकृताचा कर्करोग झाला की त्या पेशी ते पुन्हा बनवू लागतात. १९६३-६४ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी हे दाखवले, आधी उंदरांत आणि मग रुग्णांत. पण लहान गाठी पुष्कळदा एएफपी वाढवतच नाहीत. म्हणून ती एकटी पुरत नाही. सोनोग्राफीही एकटी पुरत नाही: सिरोसिसच्या रुग्णांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत सुरुवातीच्या कर्करोगांपैकी नुसत्या सोनोग्राफीने शंभरात ४५ सापडले, एएफपीची जोड दिल्यावर ६३. हा १८ चा फरक म्हणजे कुणाचे तरी दादा आहेत. “सोनोग्राफी होते ना, मग एएफपी कशाला” असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आणि नियमित तपासणीने जीव वाचतात का, या प्रश्नाचे उत्तरही मिळालेले आहे. शांघाय शहरात हिपॅटायटिस बी झालेल्या, ३५ ते ५९ वयाच्या सुमारे १९ हजार लोकांचे दोन गट करून, एका गटाला दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफीला बोलावले. २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. बोलावलेल्या गटात यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्के पार पडल्या होत्या, तरीही. म्हणजे सगळे अगदी काटेकोर व्हायची वाट पाहायची गरज नाही. बोलावणे मात्र हवे.

तुमच्या कार्यक्रमाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी विषाणूची मोजणी करायची तर बाहेर काही हजार रुपये मोजावे लागत आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी लोक दागिना मोडत. आज हिपॅटायटिस बी ची टेनोफोव्हिर ही गोळी मोफत मिळते, मी रोज तीच घेते. हिपॅटायटिस सी साठी सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्विरचा बारा आठवड्यांचा कोर्स मोफत मिळतो आणि बहुतेक रुग्ण त्यातून विषाणूमुक्त होतात. हे मोठे काम आहे. माझी तक्रार त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे, जी तुम्ही बांधलीच नाही.

सर्वांत मोठी तक्रार नोंदीची. तुमच्या रजिस्टरात किती तपासले, किती पॉझिटिव्ह आले, किती जणांना गोळ्या सुरू केल्या, हे लिहिले जाते. गेल्या वेळी एएफपी किती होता, आज किती आहे, प्लेटलेट घसरत चालल्या आहेत का, सोनोग्राफी शेवटची कधी झाली, हे रुग्णाच्या नावापुढे कुठेही ओळीने लिहिलेले नसते. एका दिवसाच्या पावसावरून मंडळात दुष्काळ आहे की नाही हे महसूल खाते ठरवत नाही. पूर्ण हंगामाची नोंद पाहते. यकृताचे रक्तातले आकडेही तसेच वाचावे लागतात. मागचा आकडा समोर नसेल तर आजचा आकडा डॉक्टरला अर्धाच दिसतो. आणि ही नोंद ठेवणे आपल्या यंत्रणेला जमत नाही असेही नाही. एआरटी सेंटरवर एचआयव्हीच्या रुग्णाचे कार्ड असते, तो महिन्याला आला नाही की फोन जातो, माणूस घरापर्यंत जातो. क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर असते आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी सोबत जाते. गरोदर बाईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असते. याच इमारतींत, याच कर्मचाऱ्यांच्या हातून हे होते आहे.

दुसरी तक्रार, गोळी चालू म्हणजे काम झाले या समजुतीची. ही समजूत आता ओपीडीच्या टेबलापर्यंत पोहोचली आहे. टेनोफोव्हिर विषाणू दाबते आणि कर्करोगाची जोखीम कमी करते, पण शून्य करत नाही. रक्तात विषाणू जितका जास्त तितका पुढे कर्करोगाचा धोका जास्त, हे तैवानच्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांवरच्या दीर्घ अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले. पण गोळीने विषाणू खाली आला तरी आधी झालेले व्रण आणि पेशीत शिरलेला डीएनए एका रात्रीत जात नाही. हिपॅटायटिस सी च्या रुग्णांचे तर याहून वाईट आहे. कोर्स संपला, विषाणू सापडत नाही, “बरे झालात” म्हणून फाइल बंद. ज्यांना आधीच सिरोसिस झालेला आहे त्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांची तपासणी लागते, हे त्यांना सांगितलेलेच नसते. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ पेढे वाटून घरी बसले होते. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना.

स्थलांतराचे मी वर लिहिलेच आहे, पण ते नीट मांडायला हवे, कारण ते मराठवाड्याचे खास दुखणे आहे आणि ते मुंबईत बसून कागदावर दिसत नाही. बीड, धाराशिव, जालना, लातूर, परभणी, नांदेड या जिल्ह्यांतून लाखो माणसे वर्षाचे पाच-सहा महिने गावात नसतात. तपासणी सहा महिन्यांची, स्थलांतरही जवळपास सहा महिन्यांचे. तारीख फेब्रुवारीची दिली तर ती गेलीच समजा. माणूस तेव्हा कुठल्या तरी फडात असतो आणि मुकादम दवाखान्यासाठी खाडा मान्य करत नाही. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देताना पुढची तपासणी कुठे होणार हे कुणी विचारत नाही. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या दवाखान्यात गेले तर “तुमचा जिल्हा वेगळा” म्हणतात. दादाने तिथे खासगीत तपासले ते याचमुळे.

पैशांचे थोडक्यात सांगते. बाहेर एएफपीला सात-आठशे रुपये लागतात, सोनोग्राफीला त्याहून जास्त, जाण्यायेण्याचे वेगळे, बुडालेला रोज वेगळा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती भरती झालेल्या रुग्णासाठी, ऑपरेशनसाठी, केमोसाठी. कर्करोग झाल्यावर सरकार लाखांत खर्च करायला तयार आहे, आणि तो वेळेवर सापडावा म्हणून लागणारे काहीशे रुपये मात्र रुग्णाने पदरचे घालायचे. हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात अडतो, तरी लिहिते. ओपीडीत नाव पुकारताना “ती बी पॉझिटिव्ह बाई कुठंय” असे ओरडतात. आमच्याकडे गावातली चार माणसे त्याच रांगेत असतात. पुढच्या वेळी ती बाई येत नाही, आणि रजिस्टरात तिच्यापुढे “उपचार सोडला” असा शेरा पडतो. जेवणाच्या ताटातून, शेजारी बसल्याने हा विषाणू पसरत नाही, हे तुमच्याच भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिले आहे.

घरच्यांची तपासणी हीसुद्धा कुणी सुचवली नव्हती. दादाचा रिपोर्ट आला त्या दिवशीच मायला, मला आणि वहिनीला बोलावायला हवे होते. वहिनीला लागण नव्हती, तिला आम्हीच मग लस दिली. माझी लागण किती तरी वर्षे आधी सापडली असती. माझ्या घरात यकृताचा कर्करोग झालेला आहे, त्यामुळे बायकांसाठी नेहमी धरतात ती पन्नाशीची वाट न पाहता माझी तपासणी चालू राहायला हवी. ती तुम्ही बंद केली आहे.

आता मागण्या. यातल्या बहुतेकांना नवी इमारत लागत नाही.

बंद केलेली एएफपी ताबडतोब सुरू करा, आणि जर तसा आदेश असेल तर तो जाहीर करा. ज्यांना सिरोसिस आहे, ज्यांचा एफआयबी-४ ३.२५ च्या वर आहे, हिपॅटायटिस बी असलेले चाळिशीपुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या बायका, आणि ज्यांच्या सख्ख्या नात्यात यकृताचा कर्करोग झाला आहे, अशा सगळ्यांना दर सहा महिन्यांनी एएफपी, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि सोनोग्राफी मोफत मिळाली पाहिजे. सोनोग्राफीची तारीख रक्त घेतले त्याच दिवशी, त्याच फेरीत.

प्रत्येक रुग्णाच्या हातात एक जाड कार्ड द्या. वर्षाला दोन ओळी, दहा वर्षांच्या वीस ओळी, एवढेच. तारीख, लॅब, एएफपी आणि त्याचे युनिट, एसजीपीटी, प्लेटलेट, एफआयबी-४, विषाणूची मोजणी, सोनोग्राफी. एएफपी सगळीकडे नॅनोग्रॅममध्येच लिहिण्याचा नियम करा. एफआयबी-४ लॅबच्या रिपोर्टवरच छापून येऊ द्या. जो संगणक रिपोर्ट छापतो तोच भागाकार करेल. तीच नोंद दवाखान्याच्या रजिस्टरातही असू द्या, म्हणजे कार्ड फडात भिजले तरी माणूस कोरा होणार नाही.

एएफपी २० च्या वर गेला, किंवा दोन वेळा ओळीने वाढला, किंवा सोनोग्राफीत १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ दिसली, तर रुग्णाला कुठे पाठवायचे, ट्रायफेजिक सीटी (यकृताची गाठ ओळखण्यासाठीचा खास सीटी) किती दिवसांत होणार आणि तो करून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे जिल्हावार लिहून भिंतीवर लावा. “मोठ्या दवाखान्यात दाखवा” हा सल्ला पुरेसा नाही. मोठा दवाखाना म्हणजे आमच्यातल्या कुणासाठी संभाजीनगर असतो, कुणासाठी सोलापूर, नांदेडकडच्यांसाठी हैदराबाद, आणि गेलेल्यांपैकी निम्मे पहिल्या फेरीतच परत फिरतात.

ऊसतोड कामगारांसाठी तपासणीच्या दोन ठरलेल्या फेऱ्या हव्यात: एक दसऱ्याच्या आधी, टोळ्या हलण्यापूर्वी, आणि दुसरी पट्टा पडल्यावर, एप्रिल-मे मध्ये. या काळात तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घ्या. आशाताईंकडे गावातून कोण कधी निघते याची माहिती असते. त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्या, फुकट राबवू नका. आणि ज्या जिल्ह्यात कारखाना आहे तिथल्या सरकारी दवाखान्याने आमचे कार्ड पाहून तपासणी व गोळ्या द्याव्यात, असा आदेश राज्य पातळीवर निघावा. त्यासाठी आमदारांनी बोलावे. ही मागणी खास त्यांच्याकडे आहे.

प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस फक्त पाठपुराव्यासाठी नेमा. तारीख चुकली की त्याने फोन करायचा. आणि फोनवर आजाराचे नाव न घेता बोलायचे.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पिव्का-टू ही रक्ताची तपासणी सुरू करा. काही कर्करोग एएफपी वाढवत नाहीत पण हिचा आकडा वाढवतात. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत आणि ‘के’ जीवनसत्त्व कमी असलेल्यांत ती फसवी ठरू शकते, म्हणून ती जाणत्या डॉक्टरच्या हाताखालीच असावी. जपानमध्ये एएफपी, त्याचाच एल-३ हा प्रकार आणि पिव्का-टू हे तिन्ही अनेक वर्षे नेहमीच्या तपासणीत आहेत. वय, लिंग आणि हे तीन आकडे मिळून गॅलड नावाचा गुणांकही काढता येतो. तो उद्याच तालुक्याला द्या असे मी म्हणत नाही. पण घरटी एएफपी पोहोचेपर्यंत महाविद्यालयात तरी ही पुढची सोय हवी.

पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांची तपासणी त्याच आठवड्यात करा आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या. प्रत्येक गरोदर बाईची हिपॅटायटिस बी ची तपासणी आणि प्रत्येक बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस, मग बाळंतपण रात्री होवो, रविवारी होवो किंवा कारखान्यावरच्या कोपीत होवो. ज्या आईच्या रक्तात विषाणू फार जास्त आहे तिला शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर दिली तर बाळ लागणीपासून वाचू शकते. आमच्या मायला हे मिळाले नाही. आज बाळंत होणाऱ्या तिच्या नातींना मिळायलाच हवे.

शेवटची मागणी आकड्यांची. दर वर्षी २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, जिल्हावार जाहीर करा: किती रुग्ण नोंदलेले आहेत, त्यांपैकी सहा महिन्यांची तपासणी किती जणांची वेळेवर झाली, किती कर्करोग सापडले आणि ते सापडले तेव्हा गाठ किती सेंटिमीटरची होती. या शेवटच्या आकड्यावरून आम्हाला कळेल की तुम्ही वेळेवर बोलावता आहात की नाही.

या पत्राचे लेखी उत्तर १७ सप्टेंबरच्या आत मिळावे अशी विनंती आहे. उत्तर आले तर ते मी इथेच, जसेच्या तसे प्रसिद्ध करेन. आले नाही तर प्रत्येक जिल्ह्यात माहिती अधिकारात हेच प्रश्न विचारले जातील. आम्ही काही रुग्णांनी आणि नातेवाइकांनी अर्ज तयार ठेवले आहेत. ज्या वाचकांच्या घरी असेच कागद पिशवीत पडले असतील त्यांनी ते तारखेप्रमाणे लावावेत, एएफपीचे युनिट पाहावे आणि पुढच्या वेळी ते सगळे डॉक्टरांपुढे एकत्र ठेवावेत.

आपली,
एक गणित शिक्षिका
बालाघाट परिसर, मराठवाडा